वाचकांचे प्रश्न : बाएथा, तिथले वाडे आणि ऑलिव्हचं रान

प्रश्न : दक्षिण स्पेनमधल्या बाएथाला जायचं आहे. नकाशावर 'लिनारेस-बाएथा' स्टेशन दिसतं. तिथे उतरलं की गाव जवळच ना? (पुणे)

नाही, आणि नावामुळे बरेच जण इथेच फसतात. स्टेशन लिनारेस शहराच्या बाजूला आहे, बाएथा तिथून बरंच दूर. पुढे बस किंवा टॅक्सी लागते. रात्रीच्या गाडीने उतरणार असाल तर टॅक्सी आधीच सांगून ठेवा. त्यापेक्षा खाएन या प्रांताच्या मुख्य शहरातून (साधारण 50 किमी) किंवा ग्रानादाहून बसने येणं सोपं.

गाव 'ला लोमा' नावाच्या लांबट डोंगरसोंडेवर आहे, उंची साधारण 760 मीटर. दक्षिणेला ग्वादलकिविर, उत्तरेला ग्वादालिमार. दोन्ही नद्या खाली, गाव वर. जुन्या तटाच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर उभं राहिलं की समोर खोरं, पलीकडे माखिनाचे डोंगर आणि मधे ऑलिव्हच्या ओळी. जोडगाव ऊबेदा 9 किमीवर आहे. 2003 मध्ये दोघांना मिळून जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यामुळे एकच पाहून परतू नका.

प्रश्न : तिथले 16व्या शतकातले वाडे ऑलिव्हच्या तेलावर उभे राहिले, असं ऐकलं. खरं का? (नागपूर)

हा समज आजचं रान बघून झालेला आहे. वाडे उठले तेव्हाची मिळकत मुख्यतः धान्य, मेंढ्या आणि लोकरीच्या कापडाची. ऑलिव्ह होतं, पण नजर जाईल तिथवर एकच पीक ही गोष्ट प्रामुख्याने 19व्या-20व्या शतकातली. आज खाएन प्रांतात सहा कोटींहून जास्त झाडं आहेत. तो आकडा चारशे वर्षं मागे नेला की गफलत होते.

1227 च्या सुमारास कॅस्टिल या तेव्हाच्या ख्रिस्ती राज्याचा राजा तिसरा फर्नांदो याने हे गाव मुस्लिम सत्तेकडून घेतलं. पुढे बेनाविदेस आणि कार्वाखाल या घराण्यांचं हाडवैर इतकं पेटलं की 1476 मध्ये राणी इसाबेलने इथला बालेकिल्लाच पाडायला लावला. त्यानंतरची चढाओढ वाड्यांच्या दर्शनी भिंतींवर उतरली, असं म्हणायला हरकत नाही. 1538 मध्ये विद्यापीठ निघालं, 1824 मध्ये बंद पडलं. त्याच इमारतीतल्या शाळेत कवी आंतोनियो माचादो 1912 ते 1919 फ्रेंच शिकवत होते.

मुस्लिम काळाची खूण शब्दांत मात्र ठळक आहे. तेलाला 'अथेइते', फळाला 'अथेइतुना', घाण्याला 'अल्माथारा', तिन्ही अरबीतून आलेले. आपल्याकडचा 'जैतून' अथेइतुनाचाच भाऊबंद.

प्रश्न : हातात अर्धा दिवस आहे. काय पाहावं? (ठाणे)

सकाळी पोपुलो चौकापासून सुरुवात करा. मधल्या कारंज्यावरचे झिजलेले सिंह जवळच्या कास्तुलो या प्राचीन नगराच्या अवशेषांतून आणलेले. वरची स्त्री म्हणजे कार्थेजचा सेनापती हॅनिबल याची बायको इमिल्थे, अशी परंपरा सांगते. शेजारच्या पोपुलो घराच्या तळमजल्याला सहा दारं आहेत. प्रत्येक दारामागे एक दस्तलेखक बसायचा, वरच्या मजल्यावर न्यायालय.

मग चढण चढून खाबालकिंतो वाड्याकडे. हा बेनाविदेसांचा. भिंतीतून हिऱ्याच्या पैलूंसारखी दगडी टोकं बाहेर आली आहेत. ऊन तिरपं असताना प्रत्येक टोकाची सावली वेगळी पडते, म्हणून भर दुपारी जाऊ नका. समोरचं सांता क्रूथ चर्च 13व्या शतकातलं, अगदी साधं. पुढे सांता मारिया चौक. तिथलं कॅथेड्रल जुन्या मशिदीच्या जागेवर आहे. 1567 मध्ये ते बरंचसं ढासळलं आणि नंतर आंद्रेस दे वांदेल्विराच्या आराखड्याने नव्याने उभं राहिलं. चौकातल्या जुन्या सेमिनरीच्या (धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेच्या) भिंतीवर लाल अक्षरं दिसतील. पदवी मिळवलेल्यांच्या नावाचा तो जयजयकार, कुणी केलेली रंगरंगोटी नव्हे. दुपारी दोन ते पाच बरंच काही बंद असतं. जेवण तेव्हाच उरका.

प्रश्न : ऑलिव्हची काढणी पाहायची तर कधी जावं? आणि तिथून कोणतं तेल आणावं? (कोल्हापूर)

नोव्हेंबर ते जानेवारी. थंडी कडक असते, सकाळी दहिवर पडतं, गरम कपडे न्या.

इथलं वाण पिक्वाल. जुन्या बागांत एका झाडाला दोन-तीन खोडं दिसतात, कारण एकाच खड्ड्यात फांदीचे तीन-चार तुकडे लावायची पद्धत होती. दोन झाडांत 10-12 मीटर अंतर. झाडाखाली जाळ्या अंथरतात, एकेका खोडाला यंत्राचा चिमटा लावून झाड हलवतात, अडून राहिलेली फळं लांब काठीने झोडपतात. आधीच जमिनीवर पडलेली फळं वेगळी ठेवावी लागतात. ती मिसळली की सगळ्या तेलाची प्रत जाते. ढीग लावून ठेवला तर फळं आतून तापतात, आंबतात आणि तो कुबट वास तेलात उतरतो. म्हणून चांगला घाणेवाला 24 तासांच्या आत दळतो. लगदा 27 अंशांच्या आत ठेवून हळू घुसळतात, मग फिरत्या यंत्रात तेल वेगळं होतं. एक लिटर तेलाला साधारण पाच किलो फळं लागतात. लवकर तोडलेल्या हिरव्या फळांची जास्तच, म्हणून ते तेल महाग.

डब्यावर 'विर्खेन एक्स्त्रा' (म्हणजे एक्स्ट्रा व्हर्जिन) आणि काढणीचं वर्ष दोन्ही पाहा. नुसतं 'अथेइते दे ओलिवा' म्हणजे रिफाइंड तेलात थोडं व्हर्जिन मिसळलेलं. 'ओरुखो' म्हणजे चोथ्यातून काढलेलं, आपल्याकडे 'पोमेस' म्हणून मिळतं तेच. त्याचं ओझं इतक्या लांबून आणू नका. चाखताना जिभेला कडू आणि घशाला तिखट लागलं तर नाक मुरडू नका. पिक्वालचं ताजं तेल असंच असतं.

प्रश्न : झाडावरचं फळ तसंच खाता येतं का? (गोवा)

एक चावाल, दुसरं नाही. ते अतिशय कडू असतं. घरी करतात ते असं : हिरवी फळं बी न फोडता ठेचायची, पाण्यात बुडवून रोज पाणी बदलायचं, आठ-दहा दिवसांनी चव पाहायची. कडूपणा सोसवेल इतका उतरला की लिटरला 70-80 ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात लसूण, ओव्यासारख्या वासाची थाइमची काडी आणि बडीशेपेचे देठ घालून मुरवायची. फळं पाण्याबाहेर राहिली तर वरून बुरशी धरते, म्हणून वर बशी उपडी ठेवतात.