विकलेली नौका बुडाली, नोटीस मात्र मला!

प्रश्न : दाभोळ खाडीत माझी लाकडी मच्छीमार नौका होती. दोन वर्षांपूर्वी स्टँप पेपरवर विकली, पैसेही मिळाले, पण नोंदणी माझ्याच नावावर राहिली. यंदा पावसात ती जेटीसमोर बुडाली. ‘पंधरा दिवसांत काढा’ अशी बंदर कार्यालयाची नोटीस मला आली आहे. खरेदीदार फोन उचलत नाही. एक भंगारवाला फुकट काढून न्यायला तयार आहे. काय करावे?

उत्तर : ‘नौका माझी नाही’ एवढेच लिहून मोकळे होऊ नका. दप्तरी नाव तुमचे आहे, तेव्हा अधिकारी आधी तुम्हालाच गाठणार. मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या. सोबत विक्रीपत्र, बँकेत पैसे जमा झाल्याची नोंद आणि खरेदीदाराचा पत्ता जोडा. त्यातच ‘माझे हक्क राखून नौका काढण्याची व्यवस्था करतो’ असे लिहून पुढच्या उधाणापर्यंत मुदत मागा. ओहोटीला रिकामी पिंपे बांधायची आणि भरतीने सांगाडा उचलू द्यायचा, तर मोठी भरती लागतेच. हे कारण कोणत्याही बंदर अधिकाऱ्याला पटते.

नोटिशीत कलम कोणते आहे ते पाहा. 1908 च्या भारतीय बंदर कायद्याच्या कलम 14 प्रमाणे मालकाने अडथळा हटवला नाही तर बंदर अधिकारी तो काढतात आणि खर्चावर आणखी 20 टक्के मागतात. ते न भरल्यास निघालेल्या मालाचा लिलाव होतो. तरीही तूट राहिली, तर ती ‘नौका बुडाली त्या वेळच्या’ मालकाकडून वसूल होते. तुमचा बचाव इथे आहे, कारण विक्री आधीची आहे. मात्र 2025 मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला आहे. त्यामुळे लावलेले कलम स्थानिक वकिलाला दाखवूनच उत्तर द्या.

आता तो ‘फुकट’वाला. त्याचा डोळा इंजिन, गिअरबॉक्स आणि पितळी पंख्यावर असतो. ते निघाले की सांगाडा चिखलातच राहतो आणि तुमची नोटीसही. म्हणून लेखी करार करा : आधी टाकीतले डिझेल आणि ऑइल काढायचे, मग अख्खा सांगाडा किनाऱ्यावर आणायचा, इंजिन त्यानंतर. कांदळवनातून ओढत न्यायचा नाही, खाडीकाठी जाळायचाही नाही. त्यात पुन्हा गुन्हा दाखल व्हायचा. जागा मोकळी झाल्याचा पंचनामा बंदर निरीक्षकाकडून घेतल्याशिवाय इंजिनाचा ताबा देऊ नका. पावतीवर इंजिन क्रमांक हवाच.

खर्चाची बिले जपा. विक्रीपत्रात ‘ताब्यानंतरची जबाबदारी खरेदीदाराची’ असे वाक्य असेल, तर वसुलीचा दावा भक्कम होतो. त्याला आजच स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. विमा असल्यास तोही विचारा, पण सांगाडा काढण्याचा खर्च पॉलिसीत धरलेला आहे का, हे आधी वाचा.

नौका मोडल्यावर पंचनाम्याची प्रत घेऊन मत्स्यव्यवसाय कार्यालयात जा आणि नोंदणी रद्द करून घ्या. विक्रीच्या वेळी राहिलेले काम तेच आहे.