नवी बॅटरी दोन महिन्यांत उतरली: दोष बॅटरीचा की अल्टरनेटरचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: छोटी पेट्रोल गाडी, दोन महिन्यांपूर्वी ३५ अँपिअर-अवरची नवी बॅटरी टाकली, आणि आता सकाळी सेल्फ मारला की नुसतं कटकट वाजतं. वायरमनने चालू गाडीत बॅटरीचं टर्मिनल काढून दाखवलं. गाडी बंद पडली नाही, म्हणून अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं जनित्र) ठणठणीत आणि बॅटरीच खराब, असा त्याचा निकाल. बॅटरीवाला म्हणतो बॅटरी चांगली आहे, अल्टरनेटर बदला. ऐकायचं कुणाचं?

दोघांचंही नाही. आधी मीटर लावा. आणि चालू गाडीत टर्मिनल काढण्याचा तो प्रकार पुन्हा कुणालाही करू देऊ नका, मग तो वायरमन कितीही जुना-जाणता असो. तुमच्या प्रश्नातल्या त्या एका वाक्यामुळेच हे उत्तर लिहायला बसलो.

साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी बॅटरीवर व्होल्टेज बघा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना ते ९.६ च्या खाली जाता कामा नये. भरलेली बॅटरीही तेवढं खाली जात असेल, तर बॅटरीवर संशय घ्यायला जागा आहे. अर्धी रिकामी बॅटरी खाली जाणारच, त्यावरून तिला दोष देऊ नका. इंजिन चालू करून थोडं रेसवर ठेवलं की १३.८ ते १४.५ दिसायला हवं.

बहुतेक जण इथे थांबतात आणि इथेच फसतात. हेडलाइट अप्परवर, ब्लोअर फुल, मागच्या काचेचा डिफॉगर चालू, असं सगळं ओझं टाकून पुन्हा बघा. तेव्हाही साडेतेराच्या आसपास टिकलं पाहिजे. बॅटरी खाणारा दोष बऱ्याचदा लोडशिवाय दिसत नाही.

अशीच एक हॅचबॅक तपासली होती, वर्षभरात तिसरी बॅटरी बसलेली. सकाळचं व्होल्टेज १२.१. इंजिन चालू, लोड काही नाही, बॅटरीवर १३.६. आकडा जरा कमी, पण कुणीही 'चार्जिंग चालू आहे' म्हणून बॉनेट लावून टाकेल असा. हेडलाइट आणि ब्लोअर लावल्याबरोबर तोच आकडा १२.७ वर आला. म्हणजे रात्री शहरात दिवे-एसी लावून चालणाऱ्या त्या गाडीत बॅटरीला मिळत काहीच नव्हतं. सेल्फला जेवढं जाई तेवढं परत येत नसे, आणि दर दिवशी थोडी थोडी करत ती उतरत होती. अर्धवट भरलेली बॅटरी महिनोन्महिने तशीच राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर कडक बसतो आणि मग ती खरोखरच मरते. पहिल्या दोन बॅटऱ्या अशाच गेल्या. त्यांच्यात बनावटीचा दोष नव्हता.

आता खरी गंमत. त्याच वेळी, त्याच लोडवर, अल्टरनेटरच्या मागच्या बी-प्लसच्या नटावर (जिथून त्याचा करंट बाहेर पडतो) व्होल्टेज होतं १४.३! अल्टरनेटर आपलं काम चोख करत होता. मग मधले दीड व्होल्ट जात कुठे होते? मीटरची लाल वायर बी-प्लसच्या नटावर आणि काळी थेट बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खुंटावर ठेवली (केबलच्या क्लॅम्पवर नाही, नाहीतर क्लॅम्प आणि खुंटामधला दोष सुटतो), तर मीटरने १.६ दाखवले. इथे ०.३ पेक्षा जास्त नको. काळी वायर मागून पुढे एकेका जोडावर सरकवत नेली. सगळा खड्डा एकाच जागी सापडला: बॅटरीशेजारच्या फ्यूज बॉक्समधल्या मोठ्या मेन फ्यूजचा बोल्ट. बोल्ट ढिला, खालची पट्टी काळवंडलेली, भोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन कुरकुरीत झालेलं. तिथून जवळजवळ ३० अँपिअर जात होते. ३० गुणिले दीड, म्हणजे ४५ वॉट नुसत्या उष्णतेत.

अल्टरनेटरला हे कळत का नव्हतं? आतला रेग्युलेटर, आपल्याकडे ज्याला कटआउट म्हणतात, तो बऱ्याच गाड्यांत व्होल्टेज स्वतःच्या दारातच मोजतो. तिथे १४.३ असलं की त्याच्या हिशेबी सगळं व्यवस्थित. पुढे रस्त्यात काय सांडतं ते त्याला दिसत नाही. आणि सेल्फची जाड केबल बॅटरीवरून वेगळी जाते, म्हणून बॅटरी भरलेली असली की सेल्फ झकास फिरायचा. त्यामुळे सगळ्यांनी वायरिंगला सोडून बॅटरीलाच धरलं. पट्टी आणि फ्यूज बदलला, बोल्ट नीट आवळला, आणि लोडवर बॅटरीवर १४.१ आलं.

आता सांगा, या गाडीत चालू असताना टर्मिनल काढलं असतं तर काय दिसलं असतं? गाडी चालूच राहिली असती. अल्टरनेटरमधला एखादा डायोड (एसीचा डीसी करणारा भाग) गेला असता तरी चालू राहिली असती. कटआउट बिघडून १६ व्होल्ट देत असता तरी चालू राहिली असती. आणि उलट, चांगल्या अल्टरनेटरवरही टर्मिनल काढल्यावर गाडी कधी कधी बंद पडते, कारण बॅटरीचा आधार गेला की व्होल्टेज डळमळतं. म्हणजे हो आलं तरी अर्थ नाही, नाही आलं तरी अर्थ नाही. अशी परीक्षा घ्यायचीच कशाला?

शिवाय धोका खरा आहे. अल्टरनेटर २०-३० अँपिअर बॅटरीत ढकलत असताना ती वाट अचानक तुटली की रोटरचं (आत फिरणाऱ्या चुंबकाचं) चुंबकत्व लगेच मरत नाही, आणि व्होल्टेज उसळतं. उसळी अडवणारे डायोड आत असतील तर ती ३५ च्या आसपास थांबते. नसतील तर १२ व्होल्टच्या गाडीत ८०-१०० व्होल्टपर्यंत जाऊ शकते, सेकंदाच्या काही अंशापुरती. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जाळायला तेवढं पुरतं. ही पद्धत डायनामो आणि कार्ब्युरेटरच्या काळातली. त्या गाड्यांत जळण्यासारखं इलेक्ट्रॉनिक्स नव्हतं. ‘आम्ही तीस वर्षं असंच बघतोय’ हा युक्तिवाद मी खूप ऐकलाय. तीस वर्षांपूर्वीच्या बहुतेक गाड्यांत ईसीयू नव्हता, एवढंच त्याला उत्तर आहे.

आता अल्टरनेटर बदलायचा की दुरुस्त करायचा. बी-प्लसवरच लोडवर १३ च्या खाली मिळत असेल तर आधी बेल्ट बघा. पावसाळ्यात सकाळी किंचाळणारा बेल्ट घसरतोय, हे साधं कारण निघतं. बेल्ट नीट असेल तर कार्बन (रोटरला करंट देणारे ब्रश) बघा, ते झिजून पाचेक मिलिमीटर उरले असतील तर बदला. कार्बन, कटआउट, बेअरिंग, डायोड प्लेट हे सगळं सुटं मिळतं आणि बदलून चांगलं चालतं. रोटरची किंवा स्टेटरची (रोटरभोवतीच्या स्थिर वेटोळ्याची) तार जळालेली असेल, करपट वास येत असेल, तर दुसरा अल्टरनेटरच घ्या, जुना बांधत बसू नका. डायोडसाठी मीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू गाडीच्या बॅटरीला लावा, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर डायोड प्लेट गेली समजा. काही स्वस्त मीटर मात्र एसीवर डीसीचाच भलता आकडा दाखवतात. बंद गाडीवर शून्याऐवजी २० च्या वर दाखवणारा मीटर या कामाला नको.

अल्टरनेटर उतरवण्याआधी इंजिन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह काढा. बी-प्लसवर गाडी बंद असतानाही थेट बॅटरी येते, पाना बॉडीला लागला की ठिणग्या उडतात. दोष काढल्यावर उतरलेली बॅटरी बाहेरच्या चार्जरवर, ३५ अँपिअर-अवरला साडेतीन अँपिअरच्या आसपास, दहा-बारा तास हवेशीर जागी भरा. रिकामी बॅटरी गाडी चालवून भरायला लावली की नवा अल्टरनेटरही तापतो.

चार्जिंग सगळीकडे बरोबर आलं, तरच उभ्या गाडीत करंट कुठे जातो ते शोधा. गाडी लॉक करून अर्धा तास थांबल्यावर ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त जात असेल, तर बाहेरून बसवलेला स्टिरिओ, डॅशकॅम, ट्रॅकर यांच्या वायरी आधी सोडवून बघा. अर्धा अँपिअर चोरी असेल तर दिवसाला १२ अँपिअर-अवर जातात, तीन दिवसांत तुमची बॅटरी रिकामी.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या किंवा माइल्ड हायब्रिड गाड्यांत अल्टरनेटरला ईसीयू हुकूम देतो, आणि सरळ रस्त्यावर तो मुद्दाम साडेबाराच्या आसपास ठेवतो. तिथे वरचे आकडे जसेच्या तसे लावू नका, हेडलाइट लावून पुन्हा मोजा. त्यांच्या निगेटिव्हवर सेन्सर असतो, म्हणून जंपरची किंवा चार्जरची काळी वायर बॅटरीला न लावता बॉडीला लावा, आणि बॅटरी मूळ प्रकारचीच घ्या.

तुमची गाडी त्यातली नसेल, तर लोड चालू ठेवून तीन आकडे लिहून पाठवा: बॅटरीवर किती, बी-प्लसवर किती, आणि अल्टरनेटरच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत किती. शेवटचा ०.२ च्या वर असेल तर इंजिनची अर्थिंगची पट्टी (इंजिन बॉडीला जोडणारी) सोडवून घासा, आणि मग पुन्हा मोजा.