नव्या प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅटला 'सी' वायर (म्हणजे 'कॉमन', थर्मोस्टॅटला सतत वीज मिळावी म्हणून लागणारी परतीची वायर) हवी, पण जुन्याला चारच वायरी जोडलेल्या आहेत. काय करावं?

ब्रेकर बंद करून आधी जुना थर्मोस्टॅट भिंतीवरून नीट ओढून मागे बघा. बरेचदा पाचवी वायर तिथेच असते, केबलभोवती गुंडाळून आत कोंबलेली. तशी सापडली तर तिचं दुसरं टोक फर्नेसच्या (घर गरम करणाऱ्या यंत्राच्या) कंट्रोल बोर्डवर 'सी'ला जोडा, इकडचं टोक थर्मोस्टॅटच्या 'सी'मध्ये. नसेलच, तर २४ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर मिळतो.

हात लावण्याआधी ब्रेकर बंद करा, अगदी न चुकता. वायरी २४ व्होल्टच्या असल्या तरी 'आर' (वीज आणणारी वायर) आणि 'सी' चुकून एकमेकांना टेकले की बोर्डवरचा छोटा फ्यूज जातो आणि मग नवा थर्मोस्टॅटच खराब आहे असं वाटत राहतं. जोडणीचा फोटो काढा, प्रत्येक वायरीला अक्षराची चिठ्ठी लावा. रंगावर विसंबू नका, अक्षरच खरं. 'डब्ल्यू' हीटिंग, 'वाय' कूलिंग, 'जी' पंखा.

आणि हो, मागे जाड वायरी आणि १२० किंवा २४० व्होल्ट लिहिलेलं दिसलं तर तिथेच थांबा. त्याला हा थर्मोस्टॅट चालत नाही, इलेक्ट्रिशियनलाच बोलवा.