खेळाडूची ‘ट्रेड’: व्यापारी चर्चा, घासाघीस की वाटाघाटी?

परभणीच्या एका वाचकानं विचारलंय: तिशी ओलांडलेल्या ‘व्हेटरन’ फुटबॉलपटूवरून दोन क्लबांत ‘ट्रेड टॉक्स’ चालू आहेत, याला मराठीत ‘व्यापारी चर्चा’ म्हणावं का?

नको. व्यापारी चर्चा म्हटलं की कापूस, सोयाबीन, आयातशुल्क आठवतं. इथं ट्रेड म्हणजे अदलाबदल. आमच्याकडं त्याला साटं म्हणतात. २०२० मध्ये स्पेनमधला बार्सिलोना आणि इटलीतला युव्हेंटस या क्लबांनी केलं ते साटंच. तिशीचा प्यानिच बार्सिलोनाकडं गेला, २३ वर्षांचा आर्थर युव्हेंटसकडं. एकाचे ६ कोटी युरो धरले, दुसऱ्याचे ७ कोटी २० लाख. म्हणजे तरण्या गड्यासाठी वरून १ कोटी २० लाख. बातमीत मात्र ‘अदलाबदल’च लिहा, कारण ‘साटंलोटं’ला आता संगनमताचा वास लागलाय.

घासाघीस फक्त किमतीची. माळेगावच्या यात्रेत, बैलबाजारात लहानपणी ती जवळून पाहिली. दलालानं दोघांच्या हातांवर रुमाल टाकला, आत बोटं दाबली जात होती, बाहेर दोघांचे चेहरे कोरे. हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, म्हणाला, “दात जुळलेत, आता किती वर्षं ओढणार?” मालक म्हणाला, “पण नांगराच्या तासातून पाय बाहेर टाकत नाही, पोरगंबी औत हाणतंय त्याच्यामागं.” जुन्या खेळाडूवरून दोन क्लब भांडतात तेही असंच. एक वय मोजतो, दुसरा जाण.

फरक एवढाच, की बैलाला कुणी विचारत नाही. युरोपात खेळाडूची संमती लागतेच, शिवाय युरोपीय न्यायालयाच्या १९९५ च्या बोसमन निकालापासून करार संपला की तो मोकळा. क्लब, क्लब आणि खेळाडू अशा तिघांचं जुळवायचं, म्हणून तिथं ‘वाटाघाटी’ शोभतो. अमेरिकेतल्या एमएलएस (मेजर लीग सॉकर) या फुटबॉल लीगमध्ये खेळाडूचा करार क्लबाशी नसून थेट लीगशी असतो. त्यामुळं तिथले संघ आपापसांत खेळाडू फिरवू शकतात. खरी ‘ट्रेड’ ती. युरोपातल्याला ‘ट्रान्सफर’ म्हणतात. ‘बदली’ लिहाल तर मास्तरांची वाटेल, म्हणून मी ‘क्लबबदल’ लिहितो.

राहिला ‘व्हेटरन’. ३३ वर्षांच्या माणसाला ‘ज्येष्ठ’ म्हटलं की एसटीचं अर्धं तिकीट डोळ्यांपुढं येतं. ‘वयस्क’ त्याहून वाईट. ‘जुनाजाणता’ घ्या, त्यात वयही आलं आणि जाणही. मथळा असा करता येईल: ‘जुन्याजाणत्या बचावपटूच्या अदलाबदलीसाठी वाटाघाटी’.