मीडिया पाससाठी आयोजक घरचा पत्ता मागतात, तो द्यावा का? २०१९ मध्ये ई-थ्रीत पत्रकारांचे पत्ते फुटले म्हणतात, ते नेमकं काय झालं होतं?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तुमचा गेमिंगचा छोटा चॅनेल आहे, एका प्रदर्शनाचा फॉर्म भरताय आणि मित्र म्हणतात, "नंबर तर सगळ्यांकडे असतोच, पत्ता दिल्याने काय बिघडतं?" मी गेमिंगमधली नाही. नाशिकला राहून चार ठिकाणी लिहिते. बाजार समित्या, सहकार, सातपूर-अंबडचे कारखाने हे माझे विषय. गेमिंग मला भाच्यामुळे कळतं तेवढंच. पण पत्ता दिल्याने काय बिघडतं याचा अनुभव मला घरबसल्या आलाय, अक्षरशः घरबसल्या, म्हणून लिहिते.

आधी ई-थ्रीचं. लॉस एंजेलिसला भरणारं व्हिडिओ गेमचं हे प्रदर्शन १९९५ ला सुरू झालं. भरवणारी संस्था ईएसए, म्हणजे अमेरिकेतल्या गेम कंपन्यांची संघटना. आपल्याकडे व्यापाऱ्यांचे महासंघ असतात त्यातलाच प्रकार, फक्त वजन वॉशिंग्टनमध्ये. जून २०१९ चं प्रदर्शन उरकलं, मंडप उठले, पत्रकार घरी गेले. ऑगस्टच्या सुरुवातीला एका यूट्यूबरने व्हिडिओ करून जगाला सांगितलं की ई-थ्रीच्या वेबसाइटवर एक लिंक आहे, ती दाबली की नोंदणी केलेल्या पत्रकारांची अख्खी स्प्रेडशीट खाली उतरते. पासवर्ड नाही, लॉगिन नाही. दोन हजारांवर माणसं: पत्रकार, यूट्यूबर, गुंतवणूक कंपन्यांचे विश्लेषक. प्रत्येकाच्या नावापुढे ईमेल, फोन, पत्ता. त्या यूट्यूबरच्या म्हणण्याप्रमाणे तिने आधी संघटनेला कळवलं होतं. कळवलं असेलही, पण व्हिडिओनंतर ती फाइल ज्यांच्या हाती पडू नये नेमक्या त्यांच्याच हाती पडली, हेही खरं. पुढे काही पत्रकारांनी निनावी फोन आणि धमक्या येत असल्याचं जाहीरपणे सांगितलं.

ईएसएने खेद व्यक्त केला आणि कारण दिलं ते "वेबसाइटमधील त्रुटी". मला हा शब्द फार आवडतो. चोरी म्हणायला निदान चोर तरी लागतो, त्रुटीला कुणीच लागत नाही. शिवाय त्यांनी सांगितलं की ही यादी प्रदर्शनात स्टॉल घेणाऱ्या कंपन्यांसाठी असते, त्यांनी पत्रकारांना कार्यक्रमाची आमंत्रणं द्यावीत, मुलाखती ठरवाव्यात म्हणून. आणि वीस वर्षांत कधी काही अडचण आली नव्हती.

काही दिवसांतच २००४ आणि २००६ सालच्या याद्याही सापडल्या. त्यात सहा हजारांवर नावं. त्या तर ईएसएच्या वेबसाइटवरही नव्हत्या, जुनी वेबपानं साठवून ठेवणाऱ्या तिसऱ्याच एका साइटवर पडून होत्या. म्हणजे अडचण आली नव्हती असं नव्हे, कुणी बघितलं नव्हतं.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या खुलाशातच आहे. कंपन्यांना आमंत्रणं पाठवायची होती. आमंत्रण ईमेलने जातं. मग त्या यादीत घरचा पत्ता काय करत होता? पत्रकार खरा आहे की फुकट पास लाटणारा, हे तपासायला संघटनेला एकदा काही माहिती लागत असेल, मान्य. पण तपासणीसाठी घेतलेली माहिती जशीच्या तशी शेकडो स्टॉलवाल्यांना द्यायच्या यादीत उतरली. चूक लिंक उघडी राहिली तेव्हा झाली नाही. एक रकाना कुणी खोडला नाही तेव्हाच झाली.

आणि यात मार कुणाला बसला तेही बघा. मोठ्या मासिकाचा, वेबसाइटचा पगारी माणूस फॉर्ममध्ये कार्यालयाचा पत्ता लिहितो. तो फुटला तर खाली सुरक्षारक्षक बसलेला असतो. तुमच्या-माझ्यासारख्यांचं कार्यालय म्हणजे जेवणाचं टेबल. आपण "पत्ता" या रकान्यात दुसरं लिहिणार काय? घरचाच लिहितो.

तुमच्या क्षेत्रात हे जास्तच नाजूक आहे. २०१४ च्या गेमरगेट प्रकरणात गेम बनवणाऱ्या आणि गेमवर लिहिणाऱ्या बायकांचे पत्ते इंटरनेटवर टाकले गेले, काहींना घर सोडून दुसरीकडे राहावं लागलं. भाच्याने मला दुसरं एक प्रकरण सांगितलं, ते ऐकून मी रात्री झोपले नाही. डिसेंबर २०१७, कॅन्सस राज्यातलं विचिटा शहर. कॉल ऑफ ड्यूटी खेळताना दीड डॉलरच्या पैजेवरून दोघांचं वाजलं. एकाने "ये की घरी" म्हणून आपला जुना पत्ता दिला. दुसऱ्याने तो लॉस एंजेलिसच्या तिसऱ्याला दिला, आणि त्याने पोलिसांना खोटा फोन केला: मी वडिलांना गोळी घातलीय, घरच्यांना ओलीस धरलंय. पोलीस त्या पत्त्यावर गेले. तिथे आता राहणारा २८ वर्षांचा माणूस, ज्याचा या खेळाशी काडीचा संबंध नाही, बाहेर काय चाललंय ते बघायला दारात आला आणि पोलिसाच्या गोळीने गेला. खोटा फोन करणाऱ्याला २० वर्षांची शिक्षा झाली, मार्च २०१९ मध्ये. त्यानंतर तीनच महिन्यांनी याच क्षेत्राच्या प्रदर्शनासाठी याच क्षेत्राची संघटना लोकांचे पत्ते एका शीटमध्ये ठेवून बसली होती. त्यांना पत्त्याची किंमत कळत नव्हती असं कोण म्हणेल?

आपल्याकडे पोलीस असे कुणाच्या दारात बंदूक रोखून येत नाहीत. आपल्याकडे माणसं चहा प्यायला येतात.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. इथल्या एका धंद्याच्या संघटनेने प्रदर्शन भरवलं होतं. धंदा कोणता ते लिहीत नाही, नाशिक एवढंही मोठं नाही. पत्रकारांसाठी गूगल फॉर्म आला. नाव, वृत्तपत्र, मोबाईल, घरचा पत्ता. पत्त्याला लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही. निमंत्रणपत्रिका कुरिअरने पाठवायची आहे, असं कारण दिलं होतं. मी भरला, आणि सवयीने खाणाखुणांसकट भरला: कोणत्या चौकातून आत, कोणत्या देवळाच्या मागे, कोणत्या रंगाचं गेट, वरचा मजला. आपल्या पत्त्यांचं हेच आहे. अमेरिकन माणसाचा पत्ता फुटला तर घर नंबर फुटतो, आपला फुटला तर चालत येण्याचा रस्ताच फुटतो.

निमंत्रण व्हॉट्सअॅपवर आलं. कुरिअर कधी आलंच नाही.

दोनेक महिन्यांनी त्याच धंद्यातल्या थकलेल्या देण्यांवर मी बातमी केली. बातमी आली त्याच्या चौथ्या दिवशी मी बाहेरगावी होते आणि घरी दोन गृहस्थ आले. सासूबाईंनी दार उघडलं. "मॅडम आहेत का? नाहीत? हरकत नाही, बसतो थोडं." बसले. सासूबाईंनी रीतसर चहा केला. त्यांनी कुंड्यांमधल्या जास्वंदीचं कौतुक केलं, नात कितवीला आहे विचारलं, आणि निघताना म्हणाले, "मॅडमना सांगा, आमचीही बाजू घ्यायची असते. आम्ही काय, इथलेच आहोत." संध्याकाळी सासूबाई मला फोनवर म्हणाल्या, "किती सभ्य होती गं माणसं."

त्यात तक्रार करण्यासारखं काय होतं ते सांगा. पोलीस ठाण्यात जाऊन काय लिहून देणार? चहा प्यायले?

पत्ता कुठून मिळाला याचा शोध घ्यायला मला अर्धा तास लागला. फॉर्मच्या उत्तरांची शीट संघटनेच्या सभासदांच्या ग्रुपवर फिरत होती. दिवाळीच्या भेटवस्तू वाटायला कुणाला तरी यादी हवी होती, दिली लिंक. ज्याच्याकडे लिंक त्याला शीट खुली. त्यात त्यांनी स्वतःचा एक रकाना वाढवला होता, "शेरा". बहुतेकांपुढे "दिली", माझ्यापुढे "घेत नाहीत". एकाच्या नावापुढे "फोन करूनच जाणे". बिचाऱ्याकडे कुत्रा होता.

सचिवांना फोन लावला. ते अजिबात रागावले नाहीत. "अहो मॅडम, तुमचा नंबर तर बातमीच्या खालीच असतो. आणि आजवर कधी कुणाची तक्रार नाही." तुमच्या मित्रांचा मुद्दा आणि ईएसएचा मुद्दा, दोन्ही एका दमात. नंबर मी देते, कारण त्यावर लोकांनी बातम्या कळवाव्यात असं मला वाटतं. नको तेव्हा तो बंद करता येतो. पत्ता एकट्या माझा नाही. तो सासूबाईंचा आहे, मुलीचा आहे, खाली राहणाऱ्या घरमालकांचा आहे. त्यांच्यापैकी कुणीही मीडिया पास मागितला नव्हता.

आता एक कबुली. ती शीट हाती आल्यावर मी पहिलं काम काय केलं? माझं नाव शोधलं. दुसरं काम, एका सहकाऱ्याला तीच लिंक पाठवली, "बघ, तुझंही नाव आहे." त्याने आमच्या पत्रकारांच्या ग्रुपवर टाकली. एका दुपारी आम्हीच ती जेवढी पसरवली तेवढी दोन महिन्यांत त्या सभासदांनी पसरवली नसेल. ई-थ्रीच्या वेळीही काहींनी फाइल आपलं नाव बघायलाच उतरवली असेल. तुमच्यावर वेळ आली तर शीटचा स्क्रीनशॉट काढा, त्यात लिंक आणि तारीख दिसू द्या, आणि इतरांना नुसतं तोंडी सांगा. लिंक पुढे पाठवू नका.

कायद्याचं थोडक्यात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी निकालात खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. मोठाच निकाल, पण त्याने कुणाची शीट बंद होत नाही. माझ्या प्रकरणात वकील मैत्रिणीने सांगितलं की आयटी कायद्याच्या जुन्या नियमांत "संवेदनशील" माहिती म्हणजे पासवर्ड, बँक, आरोग्य, बोटांचे ठसे वगैरे. घरचा पत्ता त्यात बसत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा याबाबतीत बरा आहे. ज्यावरून माणूस ओळखता येतो ती सगळी माहिती त्यात येते. संमती फक्त कामापुरत्या माहितीलाच लागू, असंही त्यात आहे, आणि कायद्यानेच उदाहरण दिलंय: टेलिमेडिसिनच्या अॅपने फोनमधली संपर्कयादी मागितली आणि तुम्ही "हो" म्हणालात, तरी उपचाराला ती यादी लागत नसल्याने ते "हो" तिच्यापुरतं धरलं जात नाही. प्रदर्शनाच्या पासला घरचा पत्ता असाच नाही का? माहिती फुटली तर ज्याची फुटली त्यालाही कळवावं लागेल, आणि सुरक्षेत हयगय केल्याचा दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. मात्र नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि संस्थांवरची मुख्य बंधनं त्यानंतर दीड वर्षाने, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होतात. दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाते, तुम्हाला त्यातला रुपया नाही. आणि गंमत म्हणजे आधीच्या मसुद्यांत पत्रकारितेला असलेली सूट या कायद्यातून गळाली, त्यामुळे त्याच कायद्याची धास्ती पत्रकारांनाही आहे. तो वेगळाच विषय, इथे नको.

तेव्हा द्यावा का? माझं मत, नाही. आधी ईमेल करून विचारा की पत्ता कशासाठी हवा, कोण बघणार, कधी पुसणार. निम्म्या वेळा "मग राहू द्या" असं उत्तर येतं. खरोखर टपालाने काही यायचं असेल तर पोस्टात पोस्ट बॉक्स भाड्याने मिळतो. मी घेतलाय आणि मला तो परवडतो. ओळखीच्या संपादकाला विचारून त्यांच्या कार्यालयाचा पत्ता देता येतो. ओळखपत्राची प्रत मागितली तर पत्त्याची बाजू झाकून द्या. कामासाठी वेगळं सिम ठेवा. आणि पत्ता आधीच कुठे उघडा पडला असेल तर संस्थेला लेखी कळवा, गूगलकडे शोधनिकालांतून तो काढायची विनंती करता येते तीही करा, आणि जुनी पानं साठवणाऱ्या साइटला वेगळं लिहा, कारण मूळ पान काढलं तरी तिथली प्रत तशीच राहते. सिंहस्थ तोंडावर आलाय, नाशिकला येणाऱ्या यूट्यूबरांनीही आतापासून एवढं करून ठेवावं.

ई-थ्री आता नाही. कोविडनंतर ते पुन्हा नीट उभं राहिलंच नाही आणि डिसेंबर २०२३ मध्ये कायमचं बंद झाल्याचं जाहीर झालं. आमच्या इथलं प्रदर्शन मात्र दरवर्षी जोरात भरतं. फॉर्म तोच, चांदणीही तीच. मागच्या खेपेला पत्त्याच्या रकान्यात मी त्या संघटनेच्याच कार्यालयाचा पत्ता लिहिला, पिनकोडसकट. दुसऱ्या दिवशी पास आला. व्हॉट्सअॅपवर.