बीएमटी (अस्थिमज्जा प्रत्यारोपण) वॉर्डात नव्याने आलेल्या सिस्टरला
पेशंटला घरी सोडायच्या दिवशी सगळं एकदम सांगायला जाऊ नकोस. त्या दिवशी नातेवाईक बिल, गाडी, सामान यात अडकलेले असतात. कानावर पडतं, डोक्यात राहत नाही. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) सलग तीन दिवस ५००च्या वर टिकले की शिकवायला घे. रोज एकच विषय, आणि शेवटी त्यांच्याकडूनच वदवून घे.

आधी ताप. १००.४ फॅरनहाइट दिसला की रात्रीचे दोन वाजलेले असोत, फोन करायचा. इथे हमखास चूक होते: घरचे आधी पॅरासिटामॉल देतात, ताप उतरतो, संसर्ग मात्र आत वाढत राहतो. 'फोनआधी गोळी नाही' हे त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

दात्याच्या पेशी असतील तर टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, चालू असतं. लेव्हलच्या, म्हणजे रक्तातलं औषधाचं प्रमाण तपासायच्या दिवशी सकाळचा डोस रक्त दिल्यावरच; गोळी सोबत आणायची. आधी घेतली तर लेव्हल फसवी, जास्त येते, डोस उगाच कमी होतो आणि जीव्हीएचडी (दात्याच्या पेशींनी पेशंटच्याच शरीरावर केलेला हल्ला) डोकं वर काढतो. तळहातांवर पुरळ, जुलाब, पिवळे डोळे ही त्याची लक्षणं. पपनसाने या औषधाची लेव्हल वाढते; पपनस बंद, हे नाव घेऊन सांग.

पेशंटचा डोळा लागला की सोबतच्या माणसाला बाहेर बोलाव. जेवलात का, रात्री पाळी कोण बदलणार, हे विचार; पेशंटसमोर ते कधीच खरं बोलत नाहीत.

आणि नियम त्या घराला बसतील असे सांग. देवपूजा करणाऱ्या काकूंना नुसतं 'नाही' म्हणू नकोस. ताजी फुलं, निर्माल्य दुसऱ्याने हाताळायचं. काकूंनी लांबून हात जोडायचे.