वर्गातल्या एका मुलाला एकही लस नाही. माझ्या मुलासाठी मी काय मागू शकते?

प्रश्न : माझा मुलगा साडेसहा वर्षांचा, इंदूरच्या एका खासगी शाळेत पहिलीत आहे. गेल्या वर्षी त्याला ल्युकेमिया निघाला. केमो अजून चालू आहे, पण डॉक्टरांनी शाळेत पाठवायला हरकत नाही म्हटलं आहे. लहानपणी घेतलेल्या लसींचा आता भरवसा धरू नका, आणि गोवराची लस सध्या देता येणार नाही, असंही ते म्हणाले. त्याच्याच वर्गातल्या एका मुलाला आईवडिलांनी जन्मापासून एकही लस दिलेली नाही. ते तसं उघड सांगतात. त्याला लस द्यायला लावा किंवा काढून टाका, असं मी शाळेला सांगितलं. शाळेनं हात वर केले. रागाच्या भरात मी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या मुलाचं नाव घालून ‘याच्यापासून आपापली मुलं लांब ठेवा’ असं लिहिलं. आता त्याच्या वडिलांच्या वकिलाची नोटीस आली आहे : १५ दिवसांत जाहीर माफी मागा, नाहीतर अब्रुनुकसानीचा खटला. घरी सात महिन्यांची मुलगीही आहे. मी काय करू?
— एक आई, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, नोटिशीचे दिवस मोजले जात आहेत, म्हणून आधी तिचं बघू.

ग्रुपवरचा मजकूर आजच काढा. त्याआधी तो आणि त्याखालच्या सगळ्या प्रतिक्रिया, तारीख-वेळ दिसेल अशा, स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. पुढे कोणी तुमच्या नावावर जास्तीचं काही घातलं तर तेवढाच पुरावा हाती असेल. काढायची मुदत उलटून गेली असेल तर ग्रुपवर दोनच ओळी लिहा : मुलाचं नाव घ्यायला नको होतं, तो मजकूर मी मागे घेते. त्याखाली वाद घालू नका.

‘मी खरं तेच लिहिलं’ हा बचाव एकट्यानं पुरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीच्या आरोपातून सुटायचं तर मजकूर खरा होता आणि तो प्रसिद्ध करणं लोकहिताचं होतं, अशा दोन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. वर्गात लस न घेतलेली मुलं आहेत हे सांगण्यात लोकहित आहे. सहा वर्षांच्या पोराचं नाव घेण्यात ते दाखवणं अवघड जाईल. शिवाय आरोग्याची माहिती खासगीपणाच्या हक्कात येते, आणि इथे ती एका अल्पवयीन मुलाची आहे. म्हणून नोटिशीचं उत्तर वकिलामार्फत, मुदतीत, जेमतेम एका पानाचं द्या. त्यात मुलाच्या आजाराची वस्तुस्थिती, मजकूर मागे घेतल्याची तारीख आणि नाव घेतल्याबद्दल खेद एवढंच असावं. लस न दिल्यानं इतरांना धोका होतो हे तुमचं म्हणणं मागे घ्यायचं काहीच कारण नाही. त्या वडिलांना परस्पर फोन मात्र करू नका. अशा फोनमधलं एखादं वाक्य पुढे फार महागात पडतं.

आता मूळ प्रश्न. त्या मुलाला शाळेतून काढायला लावण्याचा मार्ग कायद्यात नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना लागू आहे, आणि त्याच्या कलम १६ प्रमाणे प्राथमिक (म्हणजे आठवीपर्यंतचं) शिक्षण पुरं होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. हे कलम खासगी विनाअनुदानित शाळेलाही लागतं. शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालामुळे हा कायदा तिला लागत नाही, तेवढं तपासून घ्या. पण त्यानं तुमचं काम फार सोपं होईल असं नाही.

लस द्यायला लावण्याचंही तसंच. बालकांचं लसीकरण सक्तीचं करणारा केंद्रीय कायदा आज देशात नाही. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रम चालतो तो मोफत आणि संमतीनं. सर्वोच्च न्यायालयानं २ मे २०२२ रोजी जेकब पुलियेल खटल्यात सांगितलं की कुणालाही बळजबरीनं लस टोचता येणार नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वाजवी आणि प्रमाणात असलेली बंधनं घालू शकतं. तो निकाल कोविडपुरता होता, पण प्रमाणाची ती कसोटी तुमच्या शाळेतही कोणीतरी पुढे करणारच. शाळांमधल्या गोवर-रुबेला मोहिमेबाबत दिल्ली उच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये पालकांची संमती आवश्यक धरली.

फौजदारी तक्रारीचा विचार मनात येतो, तेव्हा तेही सांगतो. न्याय संहितेचं कलम २७१ जिवाला धोका असलेला रोग पसरेल असं कृत्य निष्काळजीपणानं करणाऱ्याला लागतं; सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. लस न देणं यात बसत नाही. न केलेली गोष्ट गुन्हा ठरते ती कायद्यानं करणं बंधनकारक असेल तेव्हाच, आणि इथे तसं बंधन नाही. पण डॉक्टरांनी गोवर आहे असं सांगूनही पुरळ अंगावर असताना मुलाला शाळेत पाठवलं, तर गोष्ट वेगळी. ते कृत्य आहे, आणि तिथे हे कलम उभं राहू शकतं. दिवाणी नुकसानभरपाईचा दावा बहुतेक पुराव्यावर अडतो : विषाणू त्याच मुलाकडून आला, व्हॅनमधून किंवा लग्नाच्या मांडवातून नाही, हे सिद्ध कसं करणार?

तेव्हा भांडण त्या एका मुलाशी नको. शाळेकडून मागायचं ते वेगळंच आहे, आणि ते मिळण्यासारखं आहे : वेळेवर खबर. गोवर झालेलं मूल पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून रोग पसरवतं. केमोवरच्या मुलाला संपर्क झाला तर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं, द्यायची असतात आणि ती संपर्कापासून सहा दिवसांच्या आत. आता हिशेब करा. ते मूल सोमवार ते गुरुवार वर्गात बसलं, शुक्रवारी सकाळी पुरळ आलं. सोमवारपासून मोजलं तर तुमच्या हाती शनिवार-रविवारच उरतात. शाळेनं ‘सोमवारी नोटीस बोर्डावर लावू’ म्हटलं तर तोवर मुदत संपलेली असेल. बाक बदलून किंवा दुसऱ्या कोपऱ्यात बसवूनही उपयोग नाही. मूल खोलीतून गेल्यावर दोन तासांपर्यंत विषाणू हवेत टिकतो. मुलगा शाळेच्या व्हॅननं जात असेल तर तेही सध्या थांबवा.

म्हणून आधी ऑन्कॉलॉजिस्टकडून, म्हणजे मुलाच्या कर्करोगतज्ज्ञांकडून, लेटरहेडवर पत्र घ्या. आजाराचं नाव, उपचाराचा अंदाजे कालावधी, जिवंत लसी, म्हणजे दुर्बळ केलेल्या जिवंत जंतूंच्या, गोवरासारख्या लसी, कधीपर्यंत देता येणार नाहीत (केमो संपल्यावरही काही महिने थांबावं लागतं), आणि गोवर किंवा कांजिण्यांचा संपर्क झाला तर किती तासांत कुठे आणायचं, एवढं त्यात हवं. ‘काळजी घ्यावी’ असल्या पत्राचा कोर्टात काही उपयोग होत नाही.

ते जोडून मुख्याध्यापकांना अर्ज द्या. मागण्या अशा : वर्गात किंवा त्याच व्हॅनमध्ये कुणालाही ताप आणि पुरळ दिसलं तर त्याच दिवशी, सुट्टी असली तरी, तुमच्या फोनवर खबर; तसं मूल पुरळ आल्यापासून चार दिवस आणि डॉक्टर सांगतील तोवर घरी; आरोग्य विभागाला लगेच सूचना; साथ असेपर्यंत तुमच्या मुलाची गैरहजेरी वैद्यकीय धरून अभ्यास घरी. वर्षाची भीती बाळगू नका. पहिलीतल्या मुलाला मागे ठेवता येत नाही. आजारी मुलाला काही दिवस घरी ठेवणं म्हणजे शाळेतून काढणं नव्हे, हे अर्जात मुद्दाम लिहा, कारण शाळा नेमकी तिथेच बिचकते. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टनं पाठवा.

अर्जात आणखी एक मागणी घाला, बहुतेक पालकांना ती सुचत नाही. नावं मागू नका, आकडे मागा : वर्गात मुलं किती, गोवराचे दोन डोस झालेली किती, एकच झालेली किती, एकही नसलेली किती. यात कुणाचा खासगीपणा जात नाही आणि खरं चित्र दिसतं. गोवर थोपवायला साधारण ९५ टक्के मुलं सुरक्षित असावी लागतात. चाळीसच्या वर्गात अडतीस. नवव्या महिन्याच्या एका डोसानं सुमारे ८५ टक्के संरक्षण मिळतं, दोन डोसांनी सुमारे ९७. दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांचा, आणि चुकतो तो बहुधा हाच. लस नाकारणारं घर वर्गात एखादंच असतं; दुसरा डोस राहून गेलेली पाच-सात सहज निघतात. ती पाच-सात घरं विरोधात नसतात, फक्त विसरलेली असतात. एका चिठ्ठीनं काम होतं. मुलाचं एमसीपी कार्ड (सरकारी माता-बाल संरक्षण कार्ड) नाहीतर यू-विन या सरकारी लसीकरण पोर्टलवरची नोंद शाळेनं सगळ्यांकडून मागावी. सरकारी सत्रात गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंतच देतात, म्हणून पहिलीतल्या मुलांना राहिलेला डोस खासगी बालरोगतज्ज्ञाकडे घ्यावा लागेल. तुमच्या मुलाला या आकड्यांचा जितका आधार आहे तितका त्या एका मुलाच्या हकालपट्टीचा कधीच झाला नसता.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर तोच अर्ज, या वेळी हिंदीत, जिल्हा शिक्षणाधिकारी आणि सीएमएचओ (जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकारी) यांना द्या. सीएमएचओंकडून शाळेसाठी लेखी निर्देश मागा. शाळेला हवं असतं ते वरचं कागदी कवच, आणि साथीत संपर्कातल्या लस न घेतलेल्या मुलांना काही दिवस घरी ठेवायचं तर तो निर्णय आरोग्य विभागाकडून आला पाहिजे. मुख्याध्यापकांनी स्वतःच्या जबाबदारीवर तो घेतला तर उद्या नोटीस त्यांना येईल. साथ पसरली तर राज्य सरकार १८९७ च्या साथरोग कायद्याच्या कलम २ खाली तात्पुरते नियमही करू शकतं. सीएम हेल्पलाइन १८१ वर तक्रार नोंदवून क्रमांक जपा. कार्यालयांत फाईल हलायला त्याचा उपयोग होतो. मग भोपाळचा राज्य बाल अधिकार संरक्षण आयोग. शेवटचा मार्ग उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली याचिकेचा. त्यात मुख्य प्रतिवादी शासन आणि सीएमएचओ करा. खासगी शाळेविरुद्ध थेट याचिका टिकेल की नाही यावरच वर्ष जाईल. तिथे विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘तुम्ही आधी लेखी काय मागितलं होतं?’ हा असतो, म्हणून आवक क्रमांकांची एवढी घाई करतो आहे.

धाकटीसाठी : गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण होताच, एक आठवडाही न चुकवता. २०२२ च्या मुंबईतल्या साथीच्या वेळी केंद्रानं काही भागांत सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना एक जादा डोस सुचवला होता. तो नेहमीच्या दोन डोसांत धरत नाहीत. तसा प्रसंग आला तर जिल्हा लसीकरण अधिकारी सांगतील. पोलिओच्या थेंबांचं मात्र आधीच विचारा. ती जिवंत लस आहे आणि घरात केमोवरचं मूल आहे, तेव्हा बाळाला थेंब द्यायचे की फक्त इंजेक्शन, हे ऑन्कॉलॉजिस्टकडून लिहून घ्या आणि पल्स पोलिओच्या दिवशी दारात येणाऱ्या आशाताईंना ती चिठ्ठी दाखवा.